2011 ची बोलेरो पिकअप: गंजलेल्या डिस्क बदलून अलॉय आणि 235 चे टायर घालावेत का?

तुमची गाडी 2011 ची, वाघोलीहून मार्केट यार्डात माल टाकता, टायर 215/75 आर 15, डिस्क (टायर बसतो ती लोखंडी चाकं) गंजल्यामुळे हवा टिकत नाही, आणि अलॉय व रुंद 235 चे टायर घालू का असं विचारताय. दोन्ही घालू नका. पण प्रश्नाच्या शेवटी तुम्ही सहज लिहून गेलात की दुकानदार "त्याच साइजचे जीपचे टायर स्वस्तात देतो" म्हणतोय. मी लिहायला बसले ती त्या एका ओळीमुळे.

आमची शेती सासवडजवळ. पिकअप सासऱ्यांनी घेतलेली, पण भरलेली गाडी घेऊन दिवे घाट उतरायचं काम बहुतेक वेळा माझ्याकडेच असतं. मागचे दोन टायर पार गोटा झाले तेव्हा माझे दीर जाऊन नवी जोडी घालून आले. बोलेरो जीपचे टायर. साइज तोच, पैसे कमी, नक्षी छान. मी साइडवर वाचलं तर एलटी (लाइट ट्रक, म्हणजे माल वाहणाऱ्या गाडीचा) नाही, पीआर (प्लाय रेटिंग, म्हणजे टायरच्या थरांची ताकद) नाही आणि साइजपुढे आकडा 100. म्हटलं, "भाऊजी, हे आपल्या गाडीचे नाहीत." ते म्हणाले, "वहिनी, साइज वाचा ना." सासरे म्हणाले, बसवलेत तर आता चालू द्या. विषय संपला.

तो 100 म्हणजे लोड इंडेक्स, टायर किती ओझं पेलतो त्याचा आकडा. एका टायरला 800 किलो, जोडीला 1600. आमचे टोमॅटोचे साठ क्रेट म्हणजे बाराशे-तेराशे किलो, आणि पिकअपमध्ये मालाचं जवळपास सगळं ओझं मागच्या चाकांवर येतं. त्यात रिकाम्या गाडीचं मागचं सहा-सातशे किलो धरा. 1900 च्या आसपास गेलं. हा हिशोब करायला मेकॅनिक लागत नाही.

मे महिना, दुपार टळलेली. घाट दुसऱ्या गिअरमध्ये उतरले, वडकी मागे पडली, सपाट रस्ता लागला आणि मागून थप थप आवाज सुरू झाला. सोल, म्हणजे टायरचा वरचा नक्षीचा थर, सुटत होता. गाडी बाजूला घेईपर्यंत डावा टायर फुटला आणि हौदा डावीकडे बसला. मी ब्रेकला पाय लावला नाही. स्टिअरिंग सरळ धरलं, वेग आपोआप पडू दिला आणि गाडी कडेच्या मातीत घेतली. वरचे क्रेट रस्त्यावर गेले, पण माणसाला खरचटलंसुद्धा नाही. मागच्या टेम्पोवाल्याने थांबून क्रेट उचलायला आणि स्टेपनी घालायला मदत केली.

घरी आल्यावर भाऊजींचं ठरलेलं: "वहिनींनी घाटात ब्रेक दाबून दाबून टायर तापवला." आजही पाहुण्यांत हेच सांगतात. म्हणून इथे नीट लिहिते. उतारावर गाडीचा भार पुढे जातो, ब्रेकचं जास्त काम पुढची चाकं करतात. ब्रेकने टायर गेला असता तर पुढचा गेला असता. पुढचे आमचे जुने एलटी टायर होते, निम्मे झिजलेले, त्यांना काहीही झालं नाही. आणि मागचा उजवा, जो फुटला नव्हता, त्याच्या साइडला आतून फुगा आलेला होता. हवा त्याच दिवशी सकाळी पंपावर बघितली होती. क्षमतेपेक्षा जास्त ओझं पडलं की टायरची साइड प्रत्येक फेऱ्याला जास्त दबते, रबर आतून तापतं आणि सोलची पकड सुटते. वाहन चालवणारी बाई असो की बुवा, हे असंच होणार.

तेव्हा तुम्ही एलटी, 8 पीआर लिहिलेलेच टायर घ्या, आणि लोड इंडेक्स कंपनीच्या मूळ टायरएवढा किंवा त्याहून जास्त. उत्पादनाचा चार आकडी नंबरही बघा. 3223 म्हणजे 2023 चा बत्तिसावा आठवडा. तीन-चार वर्षं गोडाऊनमध्ये पडलेला टायर नवा म्हणून घेऊ नका.

235/75 घातला तर टायरची उंची साधारण 30 मिलिमीटर वाढते, म्हणजे चार टक्के. गाडीला घाट चढताना तेवढा गिअर जड पडेल, मीटर कमी दाखवेल, आणि पूर्ण वळवल्यावर किंवा पाटे दबल्यावर टायर घासायची शक्यता. जुन्या इंजिनावर आणि क्लचवर हे कशाला?

अलॉयचं थोडक्यात. खड्ड्यात लोखंडी डिस्क वाकते, ठोकून सरळ होते. अलॉयला तडा जातो. मिळणारी बरीच अलॉय कारसाठी असतात, मागे कोरलेली वजनाची मर्यादा कोणी वाचत नाही. पीसीडी (नटच्या भोकांच्या वर्तुळाचं माप) जुळला म्हणजे झालं असंही नाही. मधलं भोक, ऑफसेट (चाक किती आत-बाहेर बसतं ते), नटची बैठक सगळंच जुळावं लागतं. चाक मूळ जागेपेक्षा बाहेर बसलं की बेअरिंग जातं. तुमची पिवळी पाटी असणार, आठ वर्षांवरच्या गाडीला दरवर्षी फिटनेस, तिथेही वाद नको.

डिस्क नुसत्या वरून गंजल्या असतील तर भोसरीत ब्लास्टिंग करून पावडर कोटिंग करून मिळतं. टायर बसतो ती कड खाल्ली गेली असेल किंवा नटची भोकं लांबट झाली असतील तर नव्या घ्या, नाना पेठेत मूळ मापाच्या मिळतात. जुन्या बाजारातल्या डिस्कवर भोकांजवळ वेल्डिंग दिसलं तर हातसुद्धा लावू नका.

ब्रँडचं विचारलंत. एमआरएफ, अपोलो, सिएट, जेके, यांतला ज्याचा डीलर तुमच्या जवळ आहे आणि क्लेमला उभा राहतो तो घ्या. रिसोल केलेला (जुन्यावर नवा सोल चढवलेला) टायर पुढे कधीच नको. मागे, केसिंग (सोलखालचा मूळ सांगाडा) चांगलं असेल तर चालतो.

एक राहिलं. तुम्ही गाडी बहुतेक रिकामी किंवा तीन-चारशे किलोवर फिरवत असाल तर एलटी टायर कडक लागतील, गाडी उडेल. तेव्हा भरलेल्या गाडीची हवा ठेवू नका, दारावरच्या पट्टीवर दिलेली रिकाम्या गाडीची ठेवा. पण यार्डात माल टाकता म्हणताय, म्हणजे हे तुम्हाला लागू नसावं.

बिलावर साइजबरोबर पीआर आणि लोड इंडेक्सही लिहून घ्या. आमच्या बिलावर फक्त "215/75 आर 15, 2 नग" होतं, त्यामुळे दुकानदार म्हणाला, मागितला तो साइज दिला.