एक्सरे नॉर्मल आहे, तरी ग्राइंडिंगच्या धुळीमुळे खोकला असू शकतो का?

हो, असू शकतो, आणि एक्सरे नॉर्मल आला म्हणून निर्धास्त राहू नका. तुम्ही लिहिलंय सहा वर्षं कार्बाइड टूलला धार लावायचं काम, चार महिने कोरडा खोकला, जिना चढताना धाप. मी अकरा वर्षं हेच काम केलंय, माझी सुरुवात अगदी अशीच झाली होती आणि मी दीड वर्ष कफ सिरप पीत बसलो.

सगळी धातूची धूळ सारखी नसते हो. नुसत्या लोखंडाच्या धुळीने फोटोत ठिपके दिसतात पण त्रास सहसा फार नसतो. कार्बाइडमध्ये मात्र टंगस्टन कार्बाइडचे कण कोबाल्टने बांधलेले असतात, आणि ही जोडगोळी काही जणांच्या फुप्फुसाला सूज आणते, वेळेत थांबलं नाही तर फुप्फुस कडक होत जातं, ते मग परत मऊ होत नाही. आम्हाला वाटायचं कूलंट, म्हणजे धार लावताना टूल थंड ठेवायला सोडतात ते द्रव, चालू आहे म्हणजे धूळ नाही, पण कोबाल्ट कूलंटमध्ये विरघळतो आणि त्याचेच तुषार नाकात जातात, हे मला फार उशिरा कळलं. बाहीवर दिसते ती जाड धूळ, खोल आत जाते ती ५ मायक्रॉनपेक्षा बारीक, एरवी दिसतच नाही. संध्याकाळी खिडकीतून उन्हाची तिरीप मशीनवर पडली की हवेत चमचम दिसायची, तेवढंच.

मला आधी दमा सांगून पंप दिला होता. दुसऱ्या डॉक्टरांनी एकच प्रश्न विचारला, सुट्टीत खोकला कमी होतो का? होत होता! मग एचआरसीटी, म्हणजे फुप्फुसाचा बारकाईने काढलेला सीटी स्कॅन केला, आणि डीएलसीओ, म्हणजे फुप्फुसातून रक्तात वायू किती जातो ती टेस्ट, त्यात सापडलं. त्या मशीनवरून उठलो, काही महिने स्टेरॉइड घेतलं, खोकला गेला, धाप थोडी राहिलीच.

तुम्ही छातीच्या डॉक्टरांकडे जा आणि नुसतं "कंपनीत काम करतो" म्हणू नका, कुठला धातू, ओलं ग्राइंडिंग की कोरडं, किती वर्षं, सगळं सांगा, मटेरियलची सेफ्टी डेटा शीट मागून तिचा फोटो न्या. रुमाल बांधून काही होत नाही, व्हीलजवळच धूळ ओढणारं एक्झॉस्ट मागा, तोवर नीट फिट बसणारा एन ९५ तरी लावा. आणि शिफ्ट सुटताना एअर गनने कपडे झाडत असाल तर ते आजच बंद करा, मी रोज करायचो.