उन्हाळ्यात दूध उतरलं, म्हणून पेंड वाढवायची का?

प्रश्न (शिरोळ तालुका) : दोन एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन, विदेशी जातीच्या) गाई आहेत. जानेवारीत एकेक 16 लिटर द्यायची, एप्रिलमध्ये 11 वर आली. फॅटही पडली. पेंड वाढवली तरी फरक नाही.

उत्तर : पेंड वाढवून हे दूध परत येणार नाही. गाई व्यायला किती महिने झाले ते तुम्ही कळवलेलं नाही. चार-पाच महिने झाले असतील तर काही घट ठरलेलीच आहे. बाकीचं बघू. एचएफ ही थंड मुलखातली गाय, 25 अंशांच्या पुढे तिला त्रास सुरू होतो. वैरण पचवताना अंगात उष्णता तयार होते, म्हणून ती आपसूकच कमी खाते. अशा वेळी वैरण कमी आणि पेंड जास्त झाली की पोटात आम्लता वाढते, फॅट आणखी पडते.

दुपारी दोनच्या सुमारास गाईच्या कुशीकडे बघून मिनिटभर श्वास मोजा. 60 च्या वर गेले आणि तोंडातून लाळ गळत असेल, तर तिला ऊन लागतंय. वैरण पहाटे आणि रात्री टाका. पाणी दिवसभर समोर हवं. दुभती एचएफ उन्हाळ्यात 80 ते 100 लिटर सहज पिते. अंग भिजवलंत तर पंखाही लावा. कोंदट गोठ्यात नुसतं पाणी मारून दमटपणा तेवढा वाढतो.

पण सगळा दोष उन्हाला देऊ नका. आपल्याकडे साखर कारखान्यांचा हंगाम संपला की वाडं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, संपतं. कालपर्यंत गव्हाणीत वाडंच वाडं, आज एकदम कोरडा कडबा! पोटातल्या जिवाणूंना नव्या वैरणीची सवय व्हायला दोन-तीन आठवडे लागतात. माझ्या मते एप्रिलच्या घटीत याचा वाटा मोठा असतो आणि तो कुणी धरतच नाही. वैरण बदलायची ती हळूहळू. वाड्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियम बांधून ठेवतं, तेव्हा रोज 50 ग्रॅम खनिज मिश्रण द्याच. पुढच्या वर्षी थोडा मका मुरघासासाठी (हवाबंद मुरवून साठवलेल्या हिरव्या वैरणीसाठी) राखा. आणि जमेल तर गाय फेब्रुवारीत भरवा. गाभणकाळ साधारण 280 दिवसांचा, म्हणजे ती नोव्हेंबरात विते आणि भर दुधाचे महिने थंडीत येतात.

प्रश्न (गगनबावडा तालुका) : पावसात हिरवं गवत भरपूर असतं, दूधही बरं निघतं, मग डेअरीत फॅट का बसत नाही?

उत्तर : कोवळ्या गवतात पाणी जास्त, तंतू कमी. रवंथ कमी होतं, फॅट उतरते. गवताच्या आधी तीन-चार किलो वाळलेलं भाताचं पिंजर खाऊ घाला. धार काढल्यावर अर्धा तास गाईला बसू देऊ नका. सडाचं तोंड तेवढा वेळ उघडं असतं आणि ओल्या जमिनीवरून कासदाह (कासेचा सुजेचा आजार) तिथूनच शिरतो. घटसर्प आणि फऱ्या या जनावरांच्या साथींची लस पावसाआधी, मेमध्येच टोचून घ्या.