कनोलीतलं चीज

प्रश्न : ताई, आम्ही इटलीतल्या सिसिली बेटावर चाललोय. तिथल्या कनोलीत चीज असतं म्हणे, मग ती पौष्टिक समजायची का? आणि आम्हा शाकाहारी माणसांना चालेल?

उत्तर : कनोली म्हणजे तळलेल्या कुरकुरीत नळीत गोड सारण भरलेली मिठाई. आतलं चीज म्हणजे रिकोटा, तिथे बहुधा मेंढीच्या दुधाचा. चीज करून उरलेली निवळी पुन्हा तापवली की तिच्यातली प्रथिनं मऊ गुठळ्या होऊन वर येतात. रिकोटा शब्दाचा अर्थच 'पुन्हा शिजवलेला'. 100 ग्रॅममध्ये साधारण 8 ते 11 ग्रॅम प्रथिनं, शिवाय कॅल्शियम. पण सारणात रिकोटाच्या जवळजवळ निम्मी साखर पडते आणि नळी तळलेली असते. तेव्हा ही मिठाईच. एक खा, मनापासून खा.

शाकाहाराबद्दल मात्र सावध करते. नळीच्या पिठात पारंपरिक रीतीनं डुकराची चरबी असते, पुष्कळदा तळणही तिच्यातच. तिला तिथे 'स्त्रुत्तो' म्हणतात, हा शब्द पाठ करून ठेवा. पिठात मार्साला वाइनही घालतात. शिवाय ज्या चीजच्या निवळीतून रिकोटा होतो, ते कोकराच्या किंवा वासराच्या जठरातल्या रेनेटनं (दूध साकळवणाऱ्या रसानं) साकळवलेलं असू शकतं. न लाजता विचारा.

सिसिलीतल्या पालेर्मो शहरात मी पाहिलं, दुकानातल्या बाईंनी ऑर्डर दिल्यावरच रिकामी नळी उचलली. तांबूस, अंगभर फोड आलेली. दोन्ही टोकांनी सारण भरलं, वर पाकवलेल्या संत्र्याच्या सालीची एक पट्टी. दाताखाली कडकन मोडली, आत गार, गुळगुळीत रिकोटा! आधी भरून ठेवलेली घेऊच नका, सारणाच्या ओलीनं नळी मऊ पडते.