लय तीच, थाप वेगळी

प्रश्न : माझा मुलगा 1991 च्या ले मां शर्यतीतली नारिंगी-हिरवी माझदा 787बी मोबाइलवर लावून बसतो. आवाज असा की कानात सुई जावी. रोटरी इंजिन पिस्टनपेक्षा जोरात फिरतं म्हणून असा आवाज येतो, असं तो म्हणतो. खरं आहे का? आणि आमच्या चार सिलिंडरच्या गाडीला दुसरा सायलेन्सर लावला तर तसा आवाज येईल का?
– एक वाचक, मिरज

उत्तर : चिरंजीवांची गल्ली चुकली, पण कान चांगला आहे. त्या गाडीचा शाफ्ट मिनिटाला 9000 फेरे घ्यायचा, तेव्हा आतला तिकोनी रोटर फिरायचा फक्त 3000. शाफ्टचे तीन फेरे झाले की रोटरचा एक होतो. रोटरला बाजू तीन, म्हणून शाफ्टच्या दर फेऱ्याला एका रोटरचा एक स्फोट. आता हिशेब करा. माझदाच्याच दोन रोटरच्या आरएक्स-7 गाडीला फेऱ्यामागे दोन स्फोट आणि तुमच्या चार सिलिंडरलाही दोनच. 6000 आरपीएमला (म्हणजे मिनिटाला 6000 फेरे) दोघांचे सेकंदाला 200.

मग फरक कुठे? धूर बाहेर सोडायच्या पद्धतीत. पिस्टनच्या इंजिनात कॅम एक्झॉस्ट व्हॉल्व्ह बेताबेताने उचलतो. रोटरीत व्हॉल्व्हच नाही. भिंतीत पोर्ट, म्हणजे नुसतं भोक, असतो, रोटरचं टोक त्यावरून सरकलं की तो झटक्यात उघडा पडतो आणि आतला गरम, दाबातला वायू फटकन बाहेर येतो. आमच्या कोल्हापुरात सांगायचं तर ढोल आणि हलगी एकाच लयीत वाजवा. ढोल घुमेल, हलगी कडाडेल. शिवाय टॅपेटची टकटक नाही, खाली-वर होणारं काही नाही, त्यामुळे गाडी चढत जाते तसा आवाज सलग ताणला जातो.

आपल्याकडची जवळची ओळख म्हणजे यामाहा आरएक्स100. टू-स्ट्रोक असल्याने तिलाही एक्झॉस्ट व्हॉल्व्ह नाही, पोर्टच, आणि दर फेऱ्याला स्फोट. बुलेटचा स्फोट दोन फेऱ्यांतून एकदा, म्हणून तिची धडधड मोजता येते. (रोटरी मात्र फोर-स्ट्रोकच्याच चालीने काम करते, हे मुलाला सांगा.)

787बीला चार रोटर, पोर्ट बाहेरच्या भिंतीत आणि टर्बो (एक्झॉस्टच्या जोरावर इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा) नाही. त्या वर्षीच्या मर्सिडीजला टर्बो होते. टर्बोचं चाक एक्झॉस्टच्या वाटेतच बसतं आणि आवाजाची धार खातं. माझदाचा आवाज थेट तुमच्या मुलापर्यंत पोचला.

मी शारजात गॅरेजला होतो तेव्हा पोर्ट मोठे केलेली एक आरएक्स-7 आली. उभ्या उभ्या ब्रॅप-ब्रॅप, ब्रॅप करत अडखळत होती. मी मिसिंग समजून चारही प्लग काढले, पुसले, लावले. आवाज तोच! फोरमन पोट धरून हसला. मोठ्या पोर्टमुळे कमी आरपीएमला इनटेक आणि एक्झॉस्ट काही वेळ एकदम उघडे राहतात, जळका वायू ताज्या मिश्रणात मिसळतो, आणि मधला एखादा स्फोट होतच नाही. ती गाडी तशीच चालायची, मालकाला तसंच हवं होतं. उलट आरएक्स-8 ला कंपनीने एक्झॉस्टचे पोर्ट बाजूच्या भिंतीत नेले आणि हे एकदम उघडं राहणंच बंद केलं. ती बरीच शहाणी वाजते. मला तरी शारजातली अडखळणारीच आवडली.

सायलेन्सरचं म्हणाल, तर तो फक्त आलेला आवाज दाबतो किंवा मोकळा सोडतो. व्हॉल्व्हच्या इंजिनाचा पोर्टवाला आवाज त्याला काढता येत नाही. लावलात तर तीच गाडी जास्त जोरात ओरडेल, आणि पहिल्याच चौकात पावती फाटेल.