आयरिश साहित्य शिकायला डब्लिनला येतेस, तर आयरिशही शीक

एमए इंग्रजीतच आहे, मग आयरिश भाषेच्या वाटेला कशाला जायचं, असं तू विचारलंस. इंग्रजीत लिहिणारे तेवढे युरोप वाचलेले आणि आयरिशवाले गावाकडच्या गोष्टी सांगणारे, असंही तुला वाटतंय. तो समज तिकडेच सोडून ये.

नॉर्वेचा नाटककार इब्सेन मुळातून वाचायला इंग्रजीत लिहिणारा आयरिश कादंबरीकार जेम्स जॉइस त्याची भाषा शिकला, हे तुला ठाऊक असेल. पण इंग्रजीतलाच दुसरा आयरिश लेखक जॉर्ज मूर बघ. रशियन लेखक तुर्गेनेव्हच्या शिकाऱ्याच्या कथा समोर ठेवून त्याने आयर्लंडच्या खेड्यांवर कथा लिहिल्या, त्याही आयरिशमधल्या नव्या लेखकांना नमुना म्हणून. स्वतःला आयरिश येत नव्हतं, म्हणून अनुवाद करून घेतले. आयरिश पुस्तक १९०२ मध्ये निघालं आणि इंग्रजी ‘द अनटिल्ड फील्ड’ त्यानंतर, १९०३ मध्ये! पुढे फ्रँक ओ'कॉनर इंग्रजीत कथा लिहू लागला, तेव्हा त्याचेही गुरू तुर्गेनेव्ह आणि चेखॉव्हच.

पॉड्रिक ओ कॉनरा रशियन लेखकांचा भक्त. लंडनमध्ये सरकारी नोकरी करता करता आयरिशमध्ये लिहायचा. त्याच्या १९१० च्या ‘जोरीअख्त’ कादंबरीत लंडनला आलेला पश्चिम आयर्लंडमधल्या गॉलवेचा माणूस मोटारीखाली सापडतो, एक हात आणि एक पाय गमावतो आणि शेवटी पोटासाठी सर्कशीत स्वतःचं प्रदर्शन मांडतो. परदेशी निघालेल्या कुणीही ती वाचावी. यात गावाकडचा गोडवा शोधूनही सापडणार नाही.

मार्टिन ओ काइन तर गॉलवेच्या पश्चिमेच्या आयरिशभाषक पट्ट्यातला. रशियन लेखक गॉर्कीची खेडुतांवरची एक कथा फ्रेंच अनुवादात वाचली आणि अशा माणसांवर आपणही लिहू शकतो हे उमगलं, असं त्यानेच सांगितलंय. त्याच्या ‘क्रे ना किल्ये’ या कादंबरीत (१९४९) थडग्यांतली मेलेली माणसं नुसती बोलत राहतात. निवेदक नाही, जुनी भांडणं, हेवेदावे, कोणाला किती महागाची जागा मिळाली याची चौकशी. माझ्या मते गेल्या शतकातल्या आयरिश गद्यात याच्या तोडीचं फार थोडं आहे. इंग्रजी अनुवाद २०१५ आणि २०१६ मध्ये आले. दोन्ही घे, पाच-सहा पानं शेजारी ठेवून वाच.

येण्याआधी तुर्गेनेव्ह आणि चेखॉव्हच्या कथा वाचून काढ. इथे आल्यावर हारकोर्ट स्ट्रीटवर कॉनरा ना गेल्गे या आयरिश भाषेचा प्रसार करणाऱ्या संस्थेत आयरिशच्या वर्गाची चौकशी कर. अगदी नवख्यांसाठीही वर्ग असतात. पहिल्याच सत्रात नाव घाल, नंतर प्रबंधाच्या गडबडीत राहून जातं.