‘घरगुती’ मसाला, मोडलेला ‘ऱ्य’ आणि अडकलेलं बिल

दोघं-तिघं मिळून वेबसाइट करून देणाऱ्या आणि ब्रँडचं लेखन करणाऱ्या वाचकांचे प्रश्न या वेळी घेतले आहेत.

प्रश्न : कोल्हापुरात आम्ही दोघं वेबसाइटचं काम करतो. आठ पानांच्या साइटला गिऱ्हाईक म्हणतं, ‘पंधरा हजारांत होते की!’ दर ठरवायचा कसा?

पानांवर दर लावू नका. तासाचा दर काढा आणि गिऱ्हाइकाला मात्र एकरकमी आकडा सांगा. आधी महिन्याचा खर्च मांडा. समजा, दोघांचा पगार ७०,००० (स्वतःचा पगार धरायला बहुतेक जण विसरतात), जागा-वीज-इंटरनेट १४,०००, सॉफ्टवेअर आणि होस्टिंग ८,०००, पुढच्या लॅपटॉपसाठी बाजूला ५,०००, सीए आणि प्रवास ५,०००. झाले १,०२,०००. दोघांचे मिळून महिन्याला ४०० तास दिसतात, पण निम्मे फोन, भेटी, कोटेशन आणि वसुलीत जातात. उरलेल्या २०० तासांनी भागलं की ५१० रुपये येतात. एवढ्यात फक्त पदरमोड टळते. त्यावर २५ टक्के धरा, म्हणजे साधारण ६४०.

लेखनासह आठ पानांना ८५ तास लागत असतील तर ५४,४०० रुपये होतात. पंधरा हजारांत तुमचे २३ तास बसतात. तेवढ्यात एक लांब पान द्या : ओळख, उत्पादनं, पत्ता, व्हॉट्सॲपचं बटण, फोटो आणि मजकूर त्यांचा. काम कमी करा, दर नको. एकदा पाडलेला दर त्याच बाजारपेठेत पुन्हा वर जात नाही. शेजारचा दुकानदार तोच आकडा घेऊन येतो.

कोटेशनमध्ये दुरुस्तीच्या दोन फेऱ्या धरा आणि फेरी म्हणजे काय तेही लिहा : सगळ्या सूचना एकत्र, लेखी, एकाच माणसाकडून. नाहीतर मालक, त्यांचे बंधू आणि पुण्याचा भाचा तीन वेगळ्या व्हॉट्सॲपवर तीन वेगळे रंग सुचवतात. वर्षाची उलाढाल २० लाखांपुढे जाईपर्यंत सेवा देणाऱ्याला जीएसटी नोंदणीची सक्ती नाही, पण ‘जीएसटी लागू झाल्यास १८ टक्के वेगळा’ ही ओळ पहिल्या दिवसापासून असू द्या.

प्रश्न : सांगलीजवळच्या एका कांदा-लसूण मसाल्याच्या कारखान्याची ‘ब्रँड स्टोरी’ लिहायची आहे. मालकांना ‘आजीच्या हातची, शंभर वर्षांची घरगुती परंपरा’ हवी आहे. प्रत्यक्षात आजींनी १९८० च्या आसपास सुरुवात केली.

शंभर वर्षं आजच काढून टाका. ‘घरगुती’चंही तेच. खाद्यपदार्थांच्या जाहिराती आणि दाव्यांबद्दल अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे २०१८ चे नियम आहेत. ‘होममेड’, ‘होम कुक्ड’ अशा, ग्राहकाचा गैरसमज करणाऱ्या शब्दांना त्यांत मनाई आहे. पल्व्हरायझरवर क्विंटलच्या हिशेबात दळलेल्या मसाल्याला मराठीत ‘घरगुती’ म्हटलं म्हणून सुटका होईल, असं धरू नका. ‘पारंपरिक’ म्हणायचं तर ती कृती किंवा पद्धत पिढ्यान्‌पिढ्या, मूळ रूप फारसं न बदलता चालत आली आहे हे दाखवता यायला हवं. शिवाय २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला १० लाखांपर्यंत दंड आहे, पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत. हे आकडे मालकांना शांतपणे सांगा. शब्दांवरचा वाद सहसा तिथेच संपतो.

मग लिहायचं काय? भेट ऑफिसात ठेवू नका, भट्टीजवळ ठेवा. तीन तास हातात ठेवा आणि परवानगी घेऊन फोनवर रेकॉर्ड करा. ‘तुमची मूल्यं काय?’ असलं काही विचारू नका, ठरीव उत्तरं मिळतील. विचारा : रंगाला ब्याडगी किती आणि तिखटाला लवंगी की संकेश्वरी? मिरची कुठल्या बाजारातून, कोणत्या महिन्यात भरता? खोबरं भाजताना हात कधी थांबवायचा हे कोण ठरवतं? डंक (मिरची कुटायचं जुनं यंत्र) कधी गेला, पल्व्हरायझर का आला? एखादा घाणा बिघडला तर त्याचं काय करता? शेवटच्या प्रश्नावर मालक गप्प झाले तर थोडं थांबा. बहुतेकदा सगळ्यांत चांगला मजकूर त्यानंतरच येतो.

मग कागद मागा : पहिला परवाना, जुनी लेबलं, बिलबुकं. साल कागदावर सापडलं तरच छापा, नाहीतर ‘१९८० च्या सुमारास’ एवढंच लिहा. ‘आजीच्या मायेची चव’ हे वाक्य राज्यातल्या कुठल्याही पाकिटावर चालतं, म्हणून ते कुणाचंच नसतं. त्याऐवजी ‘तळलेला कांदा पूर्ण थंड झाल्यावरच मिरचीत मिसळतो, गरम मिसळला तर वाफेने मसाला ओल धरतो आणि गुठळ्या होतात’ असं लिहिलं की वाचणाऱ्या बाईला कळतं, इथे कामाची माणसं आहेत. आजी त्यात जरूर येऊ द्या, पण काय करत होत्या ते सांगायला.

पहिल्या पानावर ६० ते ९० शब्द आणि ‘आमच्याविषयी’त साडेतीनशे पुरे. मजकूर साइटवर चढवण्याआधी ‘यातली माहिती बरोबर आहे’ असा मालकांचा ईमेल घ्या. ते हळदही विकत असतील तर एक सावधगिरी : सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे. अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी असल्याशिवाय त्या मानांकनाचं चिन्ह साइटवर लावू नका.

प्रश्न : गिऱ्हाइकाच्या प्रेसकडून माहितीपत्रकाचा मजकूर श्री-लिपीत मिळाला. साइटवर चिकटवला की इंग्रजी अक्षरांचा काला होतो.

जुने फाँट इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवत. संगणकाच्या दृष्टीने तो मजकूर मराठी नसतोच. युनिकोड परिवर्तक वापरा, पण तीनशे शब्दांपर्यंत सरळ पुन्हा टाइप करणंच स्वस्त पडतं. परिवर्तनानंतर ठरलेल्या जागी चुका होतात : ‘दुसऱ्या’, ‘वऱ्हाड’मधला ऱ, रफार, आणि जोडाक्षरावरची पहिली वेलांटी. जुन्या फाँटात ही वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होत असे, म्हणून ती घसरते. हे तीन आधी शोधा, मग पूर्ण मजकूर मोठ्याने वाचा.

साइटवर अक्षरांमधलं अंतर शून्यच ठेवा, वाढवलं की शिरोरेघ तुटते. ओळींमधलं अंतर अक्षराच्या १.६ ते १.७५ पट ठेवा, नाहीतर खालचा उकार आणि पुढच्या ओळीची मात्रा एकमेकांना भिडतात. मजकुराला ‘मुक्त’ किंवा ‘नोटो सान्स देवनागरी’ हे फाँट चांगले, दोनच जाडी घ्या. पानाच्या कोडमध्ये भाषेची खूण ‘mr’ (मराठी) लिहा. फाँटात सोय असेल तर मराठी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ त्यानेच येतात.

प्रश्न : साइट सुरू होऊन तीन महिने झाले, ४० टक्के रक्कम अडकली आहे. ‘बघू’ एवढंच उत्तर मिळतं.

चालू साइट बंद पाडू नका. रागाच्या भरात केलेल्या त्या एका गोष्टीने तक्रारदार बदलतो. तुमची उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) असेल तर २००६ च्या सूक्ष्म-लघु-मध्यम उद्योग कायद्याने लेखी करार नसताना १५ दिवसांत आणि करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. उशिरावर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढ व्याज लागतं. मात्र नोंदणी काम देण्याआधीची हवी. ती सरकारी संकेतस्थळावर फुकट होते. शुल्क मागणाऱ्या साइटींच्या नादी लागू नका.

आणखी एक कळ आहे. २०२३-२४ पासून अशी रक्कम मुदतीनंतर दिली तर प्रत्यक्ष दिलेल्या वर्षातच गिऱ्हाइकाला तो खर्च आयकरात दाखवता येतो. म्हणून उद्यम क्रमांक असलेलं बिल फेब्रुवारीत थेट त्यांच्या सीएला पाठवा. मालकांपेक्षा सीए लवकर हलतात. तरीही नाही झालं तर याच कायद्याखालच्या, थकबाकीचे वाद सोडवणाऱ्या सुविधा परिषदेकडे ऑनलाइन अर्ज करा. अर्ज करण्याआधी हे तपासा : गिऱ्हाइकाने बिलातून कापलेला टीडीएस (तुमच्या नावे भरायचा आयकर) तुम्ही थकबाकीत धरलेला नाही ना? पुढच्या कामाला ५०-३०-२० असे हप्ते ठेवा आणि शेवटचे २० टक्के साइट खऱ्या डोमेनवर नेण्याआधी घ्या.

प्रश्न : गिऱ्हाइकाचं डोमेन आमच्या नावावर आहे. ते आता दुसरीकडे चाललेत. द्यावं का? लोगो कोणाचा?

डोमेन द्या, ट्रान्सफरच्या कोडसकट. मुळात ते त्यांच्या ईमेलवर आणि त्यांच्या पैशानेच घ्यायला हवं होतं. मुदत जवळ आली असेल तर आधी नूतनीकरण उरकून घ्या. ‘डॉट कॉम’ची मुदत संपल्यावर काही दिवसांची सवलत असते, तीही गेली की ३० दिवस फक्त भरमसाट शुल्क भरूनच ते परत मिळतं.

लोगो आणि कोड यांचं वेगळं आहे. स्वतंत्र व्यावसायिक म्हणून केलेल्या कामाचा कॉपीराइट, लेखी हस्तांतर होईपर्यंत, सहसा तुमचाच राहतो. पण १९५७ च्या कायद्यानुसार हस्तांतरात मुदत लिहिली नसेल तर ते ५ वर्षांपुरतं, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरतं. त्यामुळे पूर्ण रक्कम मिळाल्यावर ‘कायमस्वरूपी, जगभर’ असं लिहून द्या. पैसे घेऊन त्यांच्यासाठी काढलेल्या फोटोंवर मात्र, वेगळा करार नसेल तर, पहिला हक्क त्यांचाच.