गुलाम-चौक्यानं हरवलं त्या रात्री

प्रिय बाळा,
अनेक आशीर्वाद.

ऑनलाइन पोकरची टुर्नामेंट हरून रात्री पावणेदोनला पाठवलेला तुझा मेसेज सकाळी चहा घेताना वाचला. मग तू जोडलेले तीनही हँड, म्हणजे डाव, कागदावर उतरवून काढले आणि दुपारपर्यंत त्यांच्यावरच बसलो. फोनवर घाईघाईत बोलून चाललं नसतं, म्हणून पत्र लिहितोय.

आधी रिव्हरवर, म्हणजे टेबलावर उघडणाऱ्या पाचव्या, शेवटच्या पानावर गेलेला हँड. अकराशेतून शेवटच्या चाळीसात आलास. साडेपाच तास नीट खेळलास. वीस बिग ब्लाइंडचा स्टॅक, म्हणजे चिप्सचा साठा (बिग ब्लाइंड ही पानं वाटण्याआधी एकानं भरायची सक्तीची रक्कम, स्मॉल ब्लाइंड तिच्या निम्मी), हातात राण्यांची जोडी, तू ऑल-इन गेलास, सगळ्या चिप्स लावल्यास, आणि बिग ब्लाइंडवरच्या माणसानं गुलाम-चौक्यावर कॉल केला, तेवढेच लावले. पानं एका रंगाचीही नव्हती. फ्लॉपवर, म्हणजे टेबलावरच्या पहिल्या तीन पानांत, चौका, रिव्हरवर गुलाम, झाल्या त्याच्या दोन जोड्या. पोटात कसा खड्डा पडतो ते मला ठाऊक आहे. मी 2004 पासून खेळतोय आणि तो खड्डा अजून पडतो. त्यामुळे "मनाला लावून घेऊ नकोस" असं मी तुला म्हणणार नाही.

पण तू पुढे विचारलंयस, "काका, असल्या माणसांपुढे अभ्यासाचा उपयोग काय? त्यानं फोल्ड करायला हवं होतं." या दुसऱ्या वाक्यावर थांब. त्यानं फोल्ड केलं असतं, पानं टाकून दिली असती, तर तुला काय मिळालं असतं? दोन ब्लाइंड आणि अँटी (एका बिग ब्लाइंडएवढी आणखी एक सक्तीची भर), म्हणजे अडीच बिग ब्लाइंड. त्यानं कॉल केला तेव्हा साडेएक्केचाळीसचा पॉट, म्हणजे जिंकणाऱ्याला मिळणारा मधला ढीग, झाला आणि त्यात तुझा वाटा 86 टक्क्यांच्या आसपास. तुझे वीस वजा केलेस तर सरासरी पंधरा-सोळा बिग ब्लाइंडचा फायदा उरतो. बक्षिसांच्या पायऱ्या जवळ आल्या की चिप्सची किंमत सरळ रेषेत वाढत नाही, त्यामुळे आकडा थोडा खाली येईल, पण दिशा बदलत नाही. अडीचच्या जागी पंधरा द्यायला निघालेल्या माणसानं देऊ नये, अशी इच्छा तू रात्री पावणेदोनला करत होतास. सातातून एकदा तो जिंकणारच. काल ते एकदा होतं.

माझे आबा जालना जिल्ह्यात कापूस लावायचे, हे तुला तुझ्या बाबांनी सांगितलं असेलच. आमच्याकडे काही जण धूळपेरणी करतात. पावसाआधीच कोरड्या मातीत सरकी टोबायची आणि वर बघत बसायचं. पाऊस वेळेवर आला तर त्याचं पीक सगळ्यांच्या पुढे निघतं. आला आणि मग पंधरा-वीस दिवस उघडीप पडली, तर उगवलेलं करपतं आणि दुबार पेरणी कपाळी येते. आबा थांबायचे. माती हातात घेऊन दाबून बघायचे, वीतभर ओल गेल्याशिवाय पेरणीची पाभर बाहेर काढायची नाही. कृषी विभागही दर जूनमध्ये हेच सांगतो, 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका. मी सातवीत असताना शेजारच्या शेतात धूळपेरणी झाली आणि तिसऱ्याच दिवशी पाऊस उतरला, तोही सलग. त्याचा कापूस गुडघ्याला लागला तेव्हा आमचा चार पानांवर होता. पारावर लोक आबांना बोलले, आईसुद्धा बोलली. पुढच्या वर्षी आबा पुन्हा ओलीसाठी थांबले. त्यानंतरच्या दहा वर्षांत शेजाऱ्याला चार वेळा दुबार पेरणी करावी लागली. आबांनाही एकदा करावी लागली, कारण ओल बघून पेरणाऱ्यालाही पाऊस दगा देतोच.

पण मला सांगायचंय ते वेगळंच. आबांना आयुष्यात चाळीसेक पेरण्या मिळाल्या असतील. त्यांचा निर्णय बरोबर होता की चूक, हे ठरवायला तेवढ्याच. तुला महिन्याला दोनशे टुर्नामेंट मिळतात. सरासरी डोळ्यांनी बघायला मिळणं ही केवढी मोठी गोष्ट आहे, हे शेतकऱ्याच्या घरात वाढल्याशिवाय कळत नसावं.

आता तुझे बाकीचे दोन हँड. इथे मी थोडा कडक बोलणार आहे.

दुसऱ्यात तू स्मॉल ब्लाइंडवर होतास, आठ बिग ब्लाइंड उरले होते, एक्का-अठ्ठ्यावर ऑल-इन गेलास. बिग ब्लाइंडवाल्यानं राजा-सत्त्यावर कॉल केला, राजा आला, तू त्याला चॅटमध्ये "डाँकी" लिहून मोकळा झालास. त्याच्या खुर्चीत बसून बघ. पॉटमध्ये तुझे आठ, त्याचा एक, अँटीचा एक, मिळून दहा. त्याला अजून सात टाकायचेत. सतरातले सात, म्हणजे 41 टक्के वेळा जिंकलं तरी त्याचा तोटा नाही. तुझ्या एक्का-अठ्ठ्यासमोर त्याचे 37 टक्केच होते, पण तुझी पानं त्याला दिसत नव्हती. आठ ब्लाइंडवर तिथून तू किती पानांवर ऑल-इन जातोस? मीच तुला शिकवलंय, निम्म्याहून जास्त. त्या सगळ्या पानांविरुद्ध राजा-सत्ता 41 च्या वर जातो. त्याचा कॉल बरोबर होता. ज्याला तू गाढव म्हणालास तो कदाचित त्या टेबलावरचा सगळ्यात जाणता माणूस असेल.

तिसऱ्या हँडमध्ये एक्क्यांची जोडी होती आणि तू रेझ न करता, म्हणजे रक्कम न वाढवता, नुसता कॉल करून लपून बसलास. मागून चौघं आत आले. अठ्ठा-पंजावाल्याला दोन जोड्या लागल्या आणि त्यानं तुझा निम्मा स्टॅक नेला. एका अनोळखी हाताविरुद्ध एक्के 85 टक्के वेळा जिंकतात. चौघांविरुद्ध हेच प्रमाण 56 वर येतं. ते चौघं स्वस्तात आत आले ते तूच दार उघडं ठेवल्यामुळे. अठ्ठा-पंजावर एवढ्या स्वस्तात फ्लॉप बघायला मिळत असेल तर मीही बघेन.

म्हणजे तीनपैकी एक खरा बॅड बीट (पुढे असूनही नशिबानं हरलेला डाव), एक समोरच्याचा बरोबर कॉल आणि एक तुझी चूक. तिन्हींना तू एकाच नावानं हाक मारलीस, आणि काळजी वाटावी अशी गोष्ट मला तीच दिसते. राग आला की हिशेबाची वही बंद होते. मग चुकाही नशिबाच्या खात्यावर जमा होत राहतात आणि दोन वर्षांनी माणूस तिथेच उभा असतो.

गोष्ट कुठून सुरू करायची, यावर बरंच काही ठरतं. 2003 च्या पोकरच्या वर्ल्ड सिरीजच्या मुख्य स्पर्धेतला तो हँड आठव. 839 खेळाडूंतून दहाच उरले होते. व्यावसायिक खेळाडू फिल आयव्हीकडे नव्व्यांची जोडी, ख्रिस मनीमेकरकडे एक्का-राणी. फ्लॉपवर दोन राण्या आणि एक छक्का. टर्नवर, म्हणजे चौथ्या पानावर, नव्वा आला, आयव्हीचं फुल हाऊस (एक तिकडी, एक जोडी) झालं आणि तो ऑल-इन गेला. आता मनीमेकरला 44 पैकी सातच पानं वाचवू शकत होती: एक राणी, तीन एक्के, तीन छक्के. रिव्हरवर एक्का आला. आयव्ही दहावा आला, आणि ऑनलाइन सॅटेलाइटमधून, म्हणजे मोठ्या स्पर्धेची जागा जिंकून देणाऱ्या छोट्या स्पर्धेतून, स्वस्तात शिरलेला टेनेसीचा अकाउंटंट 25 लाख डॉलर घेऊन गेला. लोक आजही तो एक्का सांगतात. पण टर्नच्या आधी आयव्हीला वाचवणारी दोनच पानं होती, उरलेले दोन नव्वे, कारण समोर राण्यांची तिकडी लागलेली होती. गोष्ट टर्नपासून सांगितली तर मनीमेकर नशीबवान, फ्लॉपपासून सांगितली तर नव्वा लागलेला आयव्ही. तुझे सगळे हँड तू जिथे पुढे होतास तिथूनच सुरू होतात, हे तुझ्या लक्षात आलंय का?

त्या एक्क्यानं आणखी काय केलं बघ. पुढच्या वर्षी त्याच स्पर्धेत 2,576 जण आले, 2006 मध्ये 8,773. एक साधा नोकरदार माणूस जिंकू शकतो, हे लोकांनी पाहिलं म्हणून आले. बुद्धिबळात विश्वनाथन आनंदसमोर पैसे लावून बसायला कुणी हौशी माणूस तयार होणार नाही, कारण तिथे तो शंभरातून शंभर वेळा हरेल. पोकरमध्ये तो सातातून एकदा तुला हरवतो आणि त्या एका आठवणीवर पुन्हा प्रवेश फी भरतो. ते नशीब काढून टाकलंस तर उरतील फक्त तुझ्यासारखे अभ्यास करणारे, आणि सगळे मिळून साइटला फी देत बसतील. अकरा पौंडांच्या टुर्नामेंटमध्ये दहा बक्षिसात जातात, एक फीमध्ये. बरोबरीच्या लोकांत तो एक पौंड भरून निघतच नाही.

म्हणून चॅटमध्ये शिव्या लिहिणं आजपासून बंद. आपण बसलोय तीच फांदी तोडण्याचा प्रकार आहे तो, पण मी त्यासाठीच सांगत नाहीये. समोरचा माणूस दिवसभर गोदामात किंवा हॉस्पिटलात राबून, मुलं झोपल्यावर दोन तास मन रमवायला आलेला असेल. त्याला त्याच्या पैशानं त्याच्या पद्धतीनं खेळायचा हक्क आहे. त्यातले काही झेपत नाही तेवढं हरतात, हे मला माहीत आहे आणि त्याचा विचार मनातून कधी पूर्ण गेलेला नाही. निदान त्यांचा अपमान तरी आपल्या हातून होऊ नये.

साइट मुद्दाम अनाडी लोकांना पानं लावते, अशी शंका तू घेतलीयस. ऑनलाइन गैरप्रकार झालेत. 2007 मध्ये ॲब्सोल्यूट पोकर या साइटवर आतल्या माणसांना इतरांची झाकलेली पानं दिसत होती आणि ते खेळाडूंनीच हँड हिस्टरीवरून, म्हणजे डावांच्या नोंदींवरून, उघडकीला आणलं. पण तिथे ठरावीक खाती अशक्य वाटेल इतकं जिंकत होती, सगळ्या अनाडी लोकांची रिव्हरवर चांदी होत नव्हती. तुझं कारण साधं आहे. कॅसिनोत तासाला पंचवीस-तीस हँड होतात. तू चार टेबलं उघडून तासाला अडीचशे खेळतोस. कॅसिनोतल्या माणसाला आठवड्यात दिसेल तेवढं दुर्दैव तुला एका संध्याकाळी दिसतं. सुदैवही तेवढंच दिसतं, पण ते तू मला पाठवत नाहीस.

आणि टुर्नामेंटचा हिशेब मुळातच कठोर आहे. समज, प्रत्येक वेळी तुझी जिंकायची शक्यता 80 टक्के असताना तू ऑल-इन गेलास. असे सहा ऑल-इन सलग जिंकायची शक्यता 26 टक्के. सहाही वेळा निर्णय निर्दोष, तरी चारातून तीनदा तू बाहेर. चांगले खेळाडूसुद्धा बहुतेक टुर्नामेंटमधून रिकाम्या हातानं उठतात आणि त्यांचा वर्षाचा फायदा मोजक्या चार-पाच रात्रींतून येतो. म्हणूनच मी दोनशे प्रवेश फींएवढे पैसे वेगळे ठेवायला सांगतो. भाडं, घरी पाठवायचे पैसे, यातला एक पौंडही त्यात नको.

आता मला खरी भीती कशाची वाटते ते सांगतो. 2009 मध्ये एका रविवारी मी बाराशे जणांतून शेवटच्या अकरात होतो. बादशहांची जोडी होती, समोर दश्शा-सत्ता, आणि मी गेलो. तो हँड मला महाग पडला नाही. महाग पडला तो पुढचा दीड तास. त्याच रात्री मी माझ्या कुवतीबाहेरच्या कॅश टेबलवर, जिथे चिप्स म्हणजे थेट पैसे, बसलो आणि पहाटे चारपर्यंत तीन महिन्यांत जमवलेलं सगळं घालवलं. तुझ्या काकूला सांगायला मला आठ दिवस लागले. अजूनही ते आठ दिवस मला त्या पैशांपेक्षा जास्त लागतात. तुझ्या मेसेजमध्ये शेवटी एक ओळ होती, "मग अजून दोन टुर्नामेंट लावल्या, त्याही गेल्या." तीन हँडपेक्षा त्या ओळीनं मला पत्र लिहायला बसवलं.

तेव्हा असं कर. ऑल-इन झालं की टेबलावरची पुढची पानं उघडण्याआधी तुझी जिंकायची शक्यता किती टक्के आहे ते वहीत लिही. मग पान काहीही येवो, त्या रात्रीचा तुझा निकाल वहीतला. मोठा बीट बसला तर उरलेली टेबलं संपव, नवीन लावू नकोस, लॅपटॉप बंद करून बाहेर एक फेरी मार. आणि बंद करणं जमत नाहीये असं सलग दोन-तीन रात्री वाटलं, तर गॅमस्टॉपवर, म्हणजे जुगाराच्या साइट स्वतःला बंद करून घ्यायच्या सेवेवर, नाव नोंदव. निदान सहा महिने इथल्या, ब्रिटनमधल्या, सगळ्या परवानाधारक साइट बंद होतात. त्यात लाज काही नाही, मला फक्त एक फोन कर.

दिवाळीला पुण्याला जाशील तेव्हा तिथून खेळायचा विचारही करू नकोस. ऑगस्ट 2025 च्या कायद्यानं भारतात पैसे लावायचे ऑनलाइन खेळ बंद झालेत, कौशल्याचे असोत की नशिबाचे. ते तीन आठवडे आईच्या हातचं खा आणि झोप काढ. चुलतभावंडांबरोबर तीनपत्ती मात्र खेळ, काजूंवर.

रविवारी दुपारी ये, काकू साबुदाण्याची खिचडी करणार आहे. येताना गेल्या महिन्यातले पाच हँड घेऊन ये, पण ज्यात तू मागे असताना ऑल-इन गेलास आणि जिंकलास, तेच. सापडायला वेळ लागेल, म्हणून आजच शोधायला लाग.

तुझा,
काका